राजीनाम्याचा कागद आणि सदाशिव पेठेतली खोली

नमस्कार मॅडम,

मी २८ वर्षांचा आहे. मूळ लातूर जिल्ह्यातला, बी.एस्सी. ॲग्री. २०२३ च्या तलाठी भरतीतून लागलो आणि ऑगस्ट २०२४ मध्ये धाराशिव जिल्ह्यात रुजू झालो. आता आमचं पदनाम ग्राम महसूल अधिकारी झालंय, गावात मात्र अजून 'भाऊसाहेब'च. माझा सज्जा (एका तलाठ्याकडची गावं) आणि शेजारच्या सज्जाचा अतिरिक्त पदभार मिळून सात गावं आहेत.

राज्यसेवेची पूर्व परीक्षा पुरामुळे २८ सप्टेंबरवरून ९ नोव्हेंबरला गेली. लोक म्हणाले, सहा आठवडे जास्तीचे मिळाले. ते सहा आठवडे मी चिखलात पंचनामे करत होतो. थोडक्या गुणांनी हुकलो. आता वाटतं, राजीनामा देऊन पुण्याला जावं आणि दोन वर्षं फक्त अभ्यास करावा. दीड लाख साठवलेत. वडिलांची तीन एकर कोरडवाहू आहे, बहिणीचं लग्न व्हायचंय. वडील म्हणतात, लागलेली नोकरी सोडणारा गाढव. हिंजवडीतला मित्र माझ्या दुप्पट कमावतो.

आणि नोकरीची शाश्वती म्हणाल, तर माझ्याच बॅचचा एक जण परवा निलंबित झाला. मग ही शाश्वती नेमकी कसली? सोडू का नको, एवढंच सांगा.

— एक तलाठी

*

वयाचा हक्क घेऊन अरे-तुरे करते, राग मानू नकोस. मी महसूल खात्यात छत्तीस वर्षं काढली आणि त्यातली निम्मी आस्थापना शाखेत. लोकांच्या बदल्या, निलंबनं, वेतननिश्चित्या आणि राजीनामे माझ्या टेबलावरून जायचे.

सोडू नकोस. 'एवढंच सांगा' म्हणालास, म्हणून आधी एवढंच सांगितलं. आता का, ते ऐक. कारण तुझे वडील म्हणतात ते नाही.

सरकारी नोकरी सोडणं वाईट नसतं. सरकारातून सरकारात उडी मारून वर गेलेली माणसं मी ढिगानं पाहिली आहेत. तुझे तहसीलदार किंवा त्यांच्या शेजारच्या तालुक्यातले कोणी तरी आधी लिपिक, तलाठी किंवा शिक्षक असतील, विचारून बघ. सगळा फरक पडतो तो कोणता कागद देऊन सोडली यावर. नवीन सरकारी पदावर निवड झाली, अर्ज कार्यालयामार्फत किंवा ना-हरकत घेऊन केलेला होता आणि रुजू होण्यासाठी म्हणून राजीनामा दिला, तर त्याला आम्ही तांत्रिक राजीनामा म्हणतो. मागची सेवा धरली जाते. शिल्लक रजा, निवृत्तिवेतनासाठीची वर्षं, प्रान खातं (निवृत्तिवेतनाचे पैसे साठतात ते), सगळं तुझ्याबरोबर पुढे जातं. परिवीक्षा (प्रोबेशन) संपून कायम झाला असशील, तर जुन्या पदावर काही काळ धारणाधिकारही राहतो. म्हणजे नव्या ठिकाणी जमलं नाही तर परतीची वाट उघडी. आणि 'वैयक्तिक कारणास्तव राजीनामा देत आहे' असं एका ओळीत लिहून दिलंस की मागची सेवा गेली. उद्या उपजिल्हाधिकारी झालास तरी तुझी पहिली दोन वर्षं सेवापुस्तकात मोजली जाणार नाहीत.

आमच्या एका कार्यालयात एक हुशार लिपिक होता. साहेबाशी वाजलं म्हणून त्यानं दुपारी चारला राजीनामा लिहिला आणि साडेपाचला घरी गेला. आम्ही दोघी-तिघींनी तो कागद आवक नोंदवहीत न चढवता आठवडाभर ड्रॉवरमध्ये ठेवला. नियमात बसत नव्हतं, तरी ठेवला. पण तो परत आलाच नाही. चार वर्षांनी दुसऱ्या खात्यात परीक्षा देऊन लागला आणि मग मागची सात वर्षं जोडून मिळावीत म्हणून मंत्रालयापर्यंत चपला झिजवल्या. मिळाली नाहीत. एवढं करून तो चांगल्या पदावर होता, पैशाला कमी नव्हता. तरी भेटला की त्या सात वर्षांवरच बोलायचा.

तुझ्या बाबतीत ही वर्षं कशी मोजायची ते बघ. तू ५८ ला निवृत्त होणार. आज आहेस तसा राहिलास, किंवा तांत्रिक राजीनाम्यानं वर गेलास, तर पदरी एकतीसेक वर्षांची सेवा असेल. साधा राजीनामा देऊन समज ३४ व्या वर्षी पुन्हा लागलास, तर राहतील २४. केंद्राची जी एकीकृत निवृत्तिवेतन योजना आपल्या राज्य मंत्रिमंडळानं २५ ऑगस्ट २०२४ ला स्वीकारली, तिच्यात शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या ५० टक्के पूर्ण निवृत्तिवेतन हवं असेल तर २५ वर्षं भरावी लागतात. एका वर्षानं हुकलास बघ. मार्च २०२३ मध्ये 'एकच मिशन, जुनी पेन्शन' म्हणत लाखो कर्मचारी आठवडाभर संपावर बसले होते, ते याच पैशासाठी. तेव्हा तू बहुधा तलाठीच्या जाहिरातीची वाट बघत होतास. अठ्ठाविसाव्या वर्षी पेन्शनचं बोलणं म्हातारपणाचं वाटतं, ठाऊक आहे. पण हिशेब आत्ताच बिघडतो, कळतं पुढे.

पगाराचं. तुझी वेतनश्रेणी एस-८, म्हणजे २५,५०० ते ८१,१००. एक वेतनवाढ धरून मूळ वेतन २६,३००. महागाई भत्ता ५५ टक्क्यांनी धरला तर १४,४६५. खेड्यातला घरभाडे भत्ता १० टक्के, म्हणजे २,६३०. वाहतूक भत्ता सोडला तर एकूण ४३,३९५. त्यातून तुझे १० टक्के अंशदान ४,०७६ कापलं जातं, व्यवसायकर आणि गट विम्याचे काही, आणि हातात ३९ हजारांच्या आसपास येतात. बरोबर ना? पण सरकार तुझ्या प्रान खात्यात १४ टक्के, म्हणजे दरमहा ५,७०७ रुपये घालतं, ते तुझ्या पगाराच्या गप्पांत कधी येत नाहीत. मित्राशी तुलना करताना तेही धर, आणि त्याच्या हिंजवडीच्या भाड्याची वजाबाकीही कर. टीसीएसनं जुलै २०२५ मध्ये जगभरातले सुमारे १२ हजार कर्मचारी कमी करणार असं जाहीर केलं. तुझी तलाठीची परीक्षा घेतली ती याच कंपनीच्या यंत्रणेनं. मित्राला हे ऐकवू नकोस, उगाच दुखावेल. तो कमावतोय ते त्याच्या जोखमीचे पैसे आहेत, एवढं तुझ्या तू समजून घे.

आठव्या वेतन आयोगाचं तू विचारलं नाहीस, पण तुझ्या व्हॉट्सॲपवर रोज काही तरी येत असणार. केंद्राचा आयोग न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई यांच्या अध्यक्षतेखाली नेमला गेला आहे आणि अहवालासाठी १८ महिने दिले आहेत. तो आधी केंद्राला लागू होईल, मग राज्याचा विचार. मागच्या वेळी सातवा आयोग १ जानेवारी २०१६ पासून लागू मानला, पण महाराष्ट्रात पगारात दिसला तो २०१९ मध्ये. थकबाकी पाच वार्षिक हप्त्यांत दिली, आणि करोनाच्या काळात तेही लांबले. माझा शेवटचा हप्ता येईपर्यंत माझ्या सुनेचं बाळ चालायला लागलं होतं. त्यामुळे बहिणीच्या लग्नाचा हॉल फिटमेंट फॅक्टरच्या, म्हणजे नव्या आयोगात मूळ वेतन किती पट होईल त्याच्या, भरवशावर ठरवू नका.

खरी पगारवाढ आयोगातून येत नाही, श्रेणी बदलण्यातून येते. राज्य कर निरीक्षक आणि सहायक कक्ष अधिकारी ही पदं एस-१४ मध्ये आहेत, ३८,६०० पासून. मुंबईत नेमणूक झाली तर ५५ टक्के महागाई भत्ता आणि ३० टक्के घरभाडे धरून पहिल्याच महिन्यात ७१ हजारांवर जातं. तू पत्रात राज्यसेवेशिवाय दुसऱ्या कशाचं नाव काढलेलं नाहीस, याचं मला नवल वाटलं. या पदांसाठीची संयुक्त गट ब ची परीक्षा तुझ्या अभ्यासातच बसते. उपजिल्हाधिकारी नाही तर काहीच नाही, हा हट्ट पुण्यातल्या अभ्यासिकेत लागतो. तुला तो पुण्याला न जाताच लागलेला दिसतो.

आता शाश्वती. हा तुझा सगळ्यांत चांगला प्रश्न आहे.

राज्यघटनेच्या ३११ व्या अनुच्छेदानं तुला दिलेलं संरक्षण असं: नेमणूक करणाऱ्यापेक्षा खालच्या अधिकाऱ्याला तुला काढता येत नाही, आणि चौकशी करून, आरोप सांगून, तुझं म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय बडतर्फ करता येत नाही. बस. बदली होणार नाही, रात्री दीडला वाळूच्या ट्रॅक्टरमागे पाठवणार नाहीत, तिसऱ्या सज्जाचा पदभार गळ्यात पडणार नाही, यातलं काहीही त्यात नाही. निलंबन ही तर कायद्याच्या भाषेत शिक्षाच नव्हे. त्या काळात सुरुवातीला साधारण निम्म्या वेतनाइतका निर्वाह भत्ता मिळतो. २०१५ मध्ये अजयकुमार चौधरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की तीन महिन्यांत दोषारोपपत्र दिलं नाही तर निलंबन त्यापुढे ओढता कामा नये. तुझ्या बॅचच्या त्या मुलाला हे सांग. त्याला दोषारोप मिळाला आहे का, आणि नसेल तर तारीख कोणती, हे त्यानं लिहून ठेवावं. मॅटमध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, जायची वेळ आली तर वकील पहिलं तेच विचारेल.

आणि तू अजून परिवीक्षेवर आहेस. परिवीक्षाधीनाला पदावर हक्क नसतो, सेवा असमाधानकारक म्हणून साध्या आदेशानं थांबवता येते. मात्र शिक्षा म्हणून काढायचं असेल तर त्यालाही ३११ चं कवच आहे. पुरुषोत्तमलाल धिंग्रा खटल्यात १९५७ सालीच सर्वोच्च न्यायालयात हे ठरलं आहे. तेव्हा परिवीक्षा समाप्तीचा आदेश हातात येईपर्यंत तुझी शाश्वती अर्धीच आहे असं समज. तो आदेश आपोआप येतो असंही समजू नकोस. संगणक अर्हता, विभागीय परीक्षा, गोपनीय अहवाल, हे सगळं जागेवर असेल तर प्रस्ताव जातो. फाईल हलवायला कोणी तरी लागतं, आणि तो कोणी तरी तूच असतोस.

तरुण तलाठी निलंबित का होतात, हेही सांगते, कारण परीक्षेच्या नादात असलेली मुलंच यात जास्त सापडतात. अभ्यासाला वेळ हवा म्हणून कार्यालयात एक खासगी पोरगा बसवतात. झिरो तलाठी. तो फेरफार टाकतो, दाखले लिहितो, लोकांशी बोलतो. डिजिटल सहीचं डोंगल त्याच्याच हाती. मग एके दिवशी वारसाच्या नोंदीत एक बहीण गाळली जाते, किंवा तो पोरगा तुझ्या नावावर हजार रुपये घेताना लाचलुचपतवाल्यांच्या हाती लागतो, आणि सही असते तुझी. तुझ्याकडे असा कोणी आहे का, हे मी विचारत नाही. असेल तर हे पत्र वाचून झाल्यावर डोंगल परत घे, पासवर्ड बदल. परीक्षा हुकली तर पुढच्या वर्षी येते. सापळ्याचा गुन्हा मात्र दहा-बारा वर्षं चालतो, तोवर निवड झाली तरी चारित्र्य पडताळणीत अडकशील.

आता पुण्याचं. दीड लाख म्हणजे कॉट बेसिसवरची खोली, अभ्यासिका, मेस धरून जेमतेम वर्षभर. दोन वर्षं तू म्हणतोस ती कशी काढणार, पत्रात नाही. वडिलांच्या तीन एकरातून? गेल्या सप्टेंबरात तूच कोणाच्या तरी अशाच तीन एकरांचा पंचनामा लिहिलास. शिवाय दोन वर्षांत ही परीक्षा संपते असंही नाही. २०१९ च्या राज्यसेवेचा अंतिम निकाल जून २०२० मध्ये लागला आणि निवड झालेली मुलं त्यानंतर वर्षाहून जास्त काळ नेमणुकीची वाट बघत घरी बसली होती. यादीत नाव असलेली मुलं! त्यांतली जी आधीच्या नोकरीत टिकून होती, त्यांचा पगार चालू राहिला. म्हणून यादीत नाव आलं तरी राजीनामा नाही, नेमणुकीचा आदेश हातात आल्यावरच.

तुला वेळ हवा आहे हे मात्र खरं आहे, ते मी झटकून टाकत नाही. सात गावं, ई-पीक पाहणी, ॲग्रिस्टॅकची शेतकरी नोंदणी, अतिवृष्टीच्या याद्या आणि त्यातून अभ्यास हे कठीणच आहे. 'पहाटे चारला उठ' असला सल्ला मी देणार नाही. वेळ रजेतून काढायचा. दर सहा महिन्यांना १५ अर्जित रजा खात्यावर पडतात. लग्नं, जत्रा, मित्राची हळद यात उडवल्या नसतील तर येत्या ऑगस्टपर्यंत साठेक दिवस होतात. त्या मुख्य परीक्षेसाठी राखून ठेव. अर्ज दोन महिने आधी दे, पावसाळ्याच्या तोंडावर नको, निवडणूक लागली असेल तर विसरच. अध्ययन रजा कोणी सुचवली तर फसू नकोस, ती उच्च शिक्षणासाठी असते, स्पर्धा परीक्षेसाठी नाही. अगदीच गरज पडली तर असाधारण रजा, बिनपगारी. तिनं वेतनवाढ पुढे जाते, परिवीक्षेत घेतली तर परिवीक्षाही लांबते, म्हणून कायम झाल्यावरच. पुण्याला जायचं तर चार-पाच महिने तशी रजा मंजूर करून घेऊन जा. खोली तीच, मेस तीच, दीड लाखही पुरतील, आणि परत यायला पद असेल.

तहसीलदारांशी बोल. तोंडदेखलं नाही, सरळ: मला राज्यसेवा द्यायची आहे, अतिरिक्त पदभार कमी करता येईल का. नाही म्हणतील कदाचित. पण ज्याच्याविषयी साहेबांना माहीत आहे त्याची रजा आणि ना-हरकत अडत नाही, असा माझा अनुभव. चोरून अर्ज भरणाऱ्यांची कागदपत्र तपासणीच्या वेळी धावपळ होते.

तू आज २८ चा. खुल्या गटाची वयोमर्यादा ३८ आहे, मागासवर्गीयांना ४३. म्हणजे घाई परीक्षेची नाही, तुझ्या कंटाळ्याची आहे. आणि एक गोष्ट तुला तुझ्या जागेवरून दिसत नसेल. २०२५ पासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली, नऊ पेपर, १,७५० गुण, वर मुलाखतीचे २७५. पीक नुकसान, भूसंपादन, वारसा, पूर व्यवस्थापन यावर अभ्यासिकेतला मुलगा नोट्स पाठ करून लिहितो. तू हे सगळं पायानं केलं आहेस. पंचनाम्यात 'सबब' आणि 'उपरोक्त' लिहायची सवय तेवढी मोड, परीक्षक कंटाळतील.

खरंच कंटाळा आला असेल, हे कामच नको असेल, तर गोष्ट वेगळी. तसं असेल तर राज्यसेवाही देऊ नकोस. तहसीलदार झालास तरी हीच गावं, हाच पूर, फक्त गाडी मिळेल. शेतीच्या पदवीवर बँकेत कृषी अधिकारी हो, दुसरं काही कर. त्यासाठीही आधी आदेश, मग राजीनामा, आणि नोटीस किती दिवसांची ते तुझ्या नेमणुकीच्या आदेशातच लिहिलेलं असतं, वाच. प्रान खातं तेव्हा मोडू नकोस. मुदतीआधी बाहेर पडलं की त्यातला मोठा भाग निवृत्तिवेतन विकत घेण्यातच घालावा लागतो. खासगीतही तेच खातं पुढे चालवता येतं.

वडिलांना सांग की नोकरी सोडत नाहीस. गाढव म्हणाले ते मनावर घेऊ नकोस, पण असाधारण रजा हा शब्दही त्यांच्यापुढे काढू नकोस. बिनपगारी ऐकलं की त्यांना राजीनामाच वाटेल.

आणि सोमवारी तालुक्याला जाशील तेव्हा आस्थापनेच्या लिपिकाकडे बस, चहा सांग, आणि सेवापुस्तकाची दुय्यम प्रत माग. वेतनवाढीची नोंद, रजेचा हिशेब, नामनिर्देशन, सेवा पडताळणीची सही, सगळं तपास. प्रानमध्ये एखाद्या महिन्याचं अंशदान जमाच झालेलं नाही, असं दहातल्या दोन मुलांचं निघतं. तुझं निघालं तर तिथेच, त्याच दिवशी अर्ज लिहून दे. पोच घ्यायला विसरू नकोस.